पाटाच्या अलीकडचा हुरडा

सर्जेरावाला काय काय मिळणार होतं ते आधी मांडू. कोल्हापूरच्या एखाद्या सिनेमात काम. मोठं नको, तोंड दिसेल आणि दोन वाक्यं बोलता येतील एवढं. भोकरदनच्या तंबू टॉकीजच्या कापडावर ते तोंड बैलगाडीएवढं होणार. पिंपळगाव रेणुकाईत जी माणसं त्याला पाठीमागं 'सर्ज्या' म्हणत ती तोंडावर 'साहेब' म्हणणार. मग एका सिनेमातून दुसरा, दुसऱ्यातून चौथा. ही झाली जमा. खर्चाला काय? तर हुरडा. आणि हुरड्याचा खर्च आमच्या भागात कुणी धरत नाही. एवढी जमा आणि खर्चाची बाजू कोरी, असा व्यवहार ज्याला दिसतो तो एक तर फार हुशार असतो, नाहीतर दुसऱ्याच्या ताटात जेवत असतो. सर्जेराव स्वतःला हुशार समजत होता.

हुरडा मोजायचा नाही, ही जुनी रीत. पौषात जवारीच्या कणसात दाणा भरला, पण अजून कवळा आहे, की वावराच्या कडेला आगटी पेटवायची. वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून बसवायचं, कणसं भाजून, चोळून गरम दाणे त्याच्या ओंजळीत घालायचे. वावर बटईनं दिलेलं असलं तरी मालक आणि वाटेकरी या खाण्याचा हिशोब करत नाहीत. फाल्गुनात खळ्यावर रास पडली की जे असेल त्याचे दोन सारखे ढीग. ज्या म्हाताऱ्यांनी ही रीत घातली त्यांच्या डोळ्यांपुढं पाच-पंचवीस कणसं होती. त्यांना सिनेमा ठाऊक नव्हता.

सर्जेरावाचं सडकेला लागून आठ एकर काळं वावर होतं. मधोमध पाण्याचा पाट. ते कडूबाला निम्म्या बटईनं दिलेलं. कडूबाला स्वतःची जमीन नाही. त्याची आणि त्याची बायको गोजरबाई हिची वर्षाची भाकर म्हणजे या वावरातला निम्मा वाटा. बहात्तरच्या दुष्काळात दोघांनी खडी फोडून रेशनवरच्या लाल मिलो जवारीच्या भाकरी खाल्ल्या होत्या. त्यानंतर चौथ्या वर्षी जवारी अशी आली की गोजरबाई रोज सांजच्याला नुसती बघायला बांधावर जाऊन उभी राहायची.

नटाचा धंदा सर्जेरावाच्या डोक्यात शिरला तो रेणुकाईच्या यात्रेतल्या नाटकामुळं. त्यात तो सेनापती होता. आत बसून वाक्यं सांगणाऱ्या मास्तरांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला, सेनापतीचा गेला नाही. पण फेटा चांगला बांधला होता आणि टाळ्या फेट्याला पडल्या. दुसऱ्या दिवशी सर्जेरावानं पारावर जाहीर केलं, "आता आपुन लाईन बदलून राह्यलो."

सरपंच तातेराव म्हणाला, "मंग तालीम-बिलीम करशील का न्हाई?"

"तालीम मागून होते, तात्या. तालीम करणारे गल्लोगल्ली पडलेत. आधी वळख पाह्यजे. माणूस माणसाला धरून वर चढतो."

"वेलासारखा?"

"बराबर. वेलासारखा."

"वेल ज्या झाडावर चढतो ना, त्याचं काय होतं ते बी बघून ठेव," तातेराव म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

सर्जेरावानं पहिलं झाड धरलं ते बद्रीनाथचं. बद्रीनाथ भोकरदनच्या तंबू टॉकीजचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे तिकिटं फाडणार, जनरेटर चालवणार आणि पिक्चर तुटला की शिव्या खाणार तोच. पण सर्जेरावाच्या लेखी तो सिनेमा लाईनीतला माणूस. त्याला हुरड्याला बोलावलं. बद्रीनाथ आला, सोबत दोन मित्र घेऊन आला, पोटभर खाऊन झाल्यावर म्हणाला, "सर्जेरावभौ, चेहरा चांगलाय तुमचा. पर फोटो पाह्यजेत. जालन्यात माझ्या वळखीचा फोटोवाला हाये, त्याचा साडू कोल्हापूरला स्टुडिओत असतो. त्याला आणू का पुढच्या रविवारी?"

पुढच्या रविवारी फोटोवाला आला. तो, त्याची मंडळी, शेजारची मंडळी. त्यानं सर्जेरावाचे सहा फोटो काढले: हसताना, रडताना, रागावून, प्रेमानं, विचारात आणि घाबरून. फोटो धुऊन आले तेव्हा सहाही सारखेच. शेवटी फोटोवाल्यानंच प्रत्येकाच्या मागं शाईनं लिहून ठेवलं, कोणता कशाचा ते. जाताना तो पोतंभर कणसं घेऊन गेला, कारण साडूला पाठवायची होती.

मग सुरूच झालं. फोटोवाल्यानं जालन्याचा तमाशाचा ठेकेदार आणला, ठेकेदारानं एक पेटीवाला आणला जो म्हणे पुण्याला जाऊन आल्ता, पेटीवाल्यानं चार असे आणले की ते कोण हे पेटीवाल्यालाही नीट सांगता येईना. सगळे मानानं बसायचे, सगळे खायचे, सगळे म्हणायचे, "तुमचं काम झालंच समजा." आणि सगळे पिशव्या घेऊन आलेले असायचे. गुळभेंडी जवारीची चार तासं, म्हणजे चार ओळी, खास हुरड्यासाठी पेरली होती, ती फोटोवाला आला त्याच रविवारी संपली. मग भाकरीच्या जवारीला हात लागला. पाहुणे आंब्याखाली बसत आणि पाटाच्या अलीकडचीच कणसं मोडत. पाटात पाणी, कडेला चिखल; पलीकडं जायचं तर पायातल्या चपला हातात घ्याव्या लागल्या असत्या. पलीकडचं पीक वाचलं ते पाहुण्यांच्या चपलांमुळं, हे इथं नोंदवून ठेवलेलं बरं.

घरी सर्जेरावाची बायको दुर्गाबाई दर रविवारी पहाटेपासून चटण्या कुटत होती. दही लावत होती, गूळ फोडत होती. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "आवं, औंदा माझ्या बाबांना बोलवा की एकदा. तीर्थपुरीहून कितीक दिवस आले न्हाईत. हुरड्याचं त्यांना लई येड हाये."

"तुझे बाबा सिनेमात कुणाला वळखतेत?"

"न्हाई."

"मंग पुढच्या साली बोलवू."

दुर्गाबाईनं कुटलेली चटणी वाटीत काढली. मग म्हणाली, "पाव्हण्यापुढं तुम्ही येवढं हसता. घरात बी एखादी बार हसून दाखवा. तालीम होऊन जाईन."

कडूबा बोलणारा माणूस नव्हता. बोलली ती गोजरबाई. पाहुणे गेल्यावर ती जवारीची कणसं मोडलेली बोडकी ताटं बघत उभी होती. सर्जेराव जवळ आला तसा पदर सावरून म्हणाली, "मालक, एक इचारू?"

"इचार."

"हुरडा मोजत न्हाईत, खरंय. पर वावर तर मोजतेत का न्हाई?"

"आता रीत सोडायची का गोजरबाई? रेणुकाईच्या गावात ऱ्हाऊन आल्यागेल्याला न्हाई म्हणायचं?"

"आल्यागेल्याला न्हाई म्हणत न्हाई मी. पर हे आल्ते ते गेल्तेच कुठं? ह्या रविवारी गेल्ते अन् पुढच्या रविवारी दहा जण घेऊन आल्ते."

"तुला न्हाई कळायचं. हे पेरणं हाये. उद्या उगवतंय."

"आमचं पेरल्यालं तर मोडून राह्यले," गोजरबाई म्हणाली. सर्जेरावानं ते ऐकलं नाही. त्याला ऐकू न येण्याचा अभिनय मात्र चांगला जमायचा.

शेवटी पौष सरता सरता खरोखरच एक मासा लागला. कोल्हापूरच्या एका कंपनीचा माणूस अजिंठ्याच्या घाटाकडं शूटिंगच्या जागा बघत हिंडत होता. त्याच्या जीपचं चाक भोकरदनात पंक्चर झालं आणि पंक्चरवाल्याच्या शेजारीच बद्रीनाथचा तंबू. बद्रीनाथनं त्याला सरळ उचलून पिंपळगावला आणलं. सगळे त्याला 'साहेब' म्हणत, आपणही साहेबच म्हणू. गोरा, जाडसर, बोलायला गोड. सर्जेरावानं त्या रविवारी झाडून सगळ्या ओळखी गोळा केल्या. आंब्याखाली तीसेक माणसं, तातेराव सरपंच, फोटोवाला, ठेकेदार, पेटीवाला, आगटीतून धूर, घोंगड्यांवर दही-चटण्या. दुर्गाबाई वाढत होती, कडूबा कणसं भाजत होता आणि गोजरबाई भरलेल्या टोपल्या आणून रिकाम्या नेत होती.

साहेब दाणे तोंडात टाकत म्हणाले, "झकास की. पण पाटील, एवढं पीक तुम्ही लोकांच्या पोटात घालताय. वावर बटईचं आहे म्हणं. वाटेकऱ्याचं काय मग?"

विचारताना ते गोजरबाईकडं बघत होते. ती रिकामी टोपली घेऊन तिथंच उभी राहिली होती, हलली नाही. आंब्याखालची खाणारी तोंडं थांबली.

सर्जेराव उठला. खांद्यावरचा टॉवेल नीट केला. पाटाच्या कडेला गेला, तिथं जरा उंचवटा होता त्यावर चढला, एक हात आडवा पसरला आणि सेनापतीच्या नाटकात जो आवाज निघाला नव्हता तो आवाज काढला.

"साहेब, ह्या पाटाच्या अलीकडलं समदं माझं. पलीकडलं समदं कडूबाचं. तुम्ही बसून माझं खाऊन राह्यलात. गरिबाच्या वाट्याचा एक दाणा जर माझ्या पाव्हण्याच्या पोटात गेला असंल, तर मला रेणुकाईची आण हाये."

डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. खोटं कशाला सांगा, आम्हालाही क्षणभर बरं वाटलं. पेटीवाला "वा वा" म्हणाला, ठेकेदारानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. कडूबा कणीस हातात तसंच धरून बघत राहिला, ते करपलं. गोजरबाईनं टोपली खाली ठेवली आणि तिनंही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जास्त वेळ.

"आवाज आहे तुम्हाला," साहेब म्हणाले. "बघू. पुढल्या महिन्यात या बाजूला यायचंच आहे." जीपमध्ये दोन पोती कणसं चढली. अलीकडचीच.

सर्जेराव महिनाभर पारावर बसून दाढीच्या नव्या नव्या तऱ्हा करत होता. माघात जीप खरंच आली, मागं एक ट्रक, ट्रकात कॅमेरा, छत्र्या, खुर्च्या. बद्रीनाथ पुढच्या सीटवर. गाव सडकेला लोटलं. ओळखीनं काम होतं म्हणतात ते खोटं नाही, हे आम्हाला त्या सकाळी मान्य करावं लागलं. सिनेमावाले पिंपळगावाला आले ते सर्जेरावाच्या ओळखीनंच. सर्जेराव कडक इस्त्रीचे कपडे घालून, सहा फोटो खिशात घेऊन सामोरा गेला.

"पाटील, तुमचं ते वावर हवंय," साहेब म्हणाले. "भरलेल्या जवारीत माळ्यावर उभी राहून नायिका पाखरं राखतीय, असा शॉट आहे."

सर्जेरावानं त्यांना वावरावर नेलं. कॅमेरावाल्यानं आंब्याखाली उभं राहून डोळा बारीक केला. समोर चार एकर बोडकी ताटं. काही मोडलेली, काही पाहुण्यांच्या पोरांनी तुडवलेली.

"याला काय झालं? टोळधाड?"

"हुरडा," कडूबा म्हणाला. त्याचं त्या हंगामातलं हे पहिलं वाक्य.

"मग पलीकडं चला," साहेब म्हणाले. "पलीकडचं भरलंय. ते कुणाचं?" आणि त्यांना स्वतःलाच आठवलं. "हां, ते या कडूबाचं. तुम्हीच सांगितलं होतं की, आण घेऊन."

कॅमेरा पाटाच्या पलीकडं गेला. चिखलातून चार जणांनी खांद्यावर नेला. माळ्यावर नायिकेला चढवलं, पण तिला गोफण फिरवता येईना; एक दगड सुटला तो छत्रीवाल्याच्या पायावर पडला. मग गोजरबाईला नायिकेचं लुगडं नेसवून, कॅमेऱ्याकडं पाठ करून माळ्यावर उभं केलं. गोजरबाईनं गोफण अशी फिरवली की पाखरांचा थवा उठून सडकेपलीकडं गेला. साहेब खूश झाले.

सर्जेराव साहेबांच्या कोपराजवळ घुटमळत होता. "साहेब, माझं कसं?"

"अरे हो पाटील, तुमचं फार महत्त्वाचं काम आहे. गावात तुमची सगळ्यांशी ओळख ना? ही माणसं सारखी शॉटमध्ये घुसतायत. त्यांना जरा मागं सारा."

दिवस मावळेपर्यंत सर्जेराव हात पसरून गावाला मागं सारत होता. तोच पसरलेला हात, तोच आवाज. गावातलं एकही माणूस मागं सरलं नाही. गोजरबाईला कंपनीनं ते लुगडं देऊन टाकलं. सर्जेरावाला साहेबांनी पाठीवर थाप दिली आणि फोटो ठेवून घेतले. मागची शाई वाचून हसले, असं ट्रकवाल्यानं नंतर बद्रीनाथला सांगितलं.

फाल्गुनात खळं झालं. वावराची रास पडली. ती जवळजवळ सगळी पलीकडची. अलीकडून आली ती सुगरणीच्या घरट्याएवढी. सर्जेराव टॉवेल झटकत म्हणाला, "चला कडूबा. दोन ढीग करा."

गोजरबाई राशीपुढं येऊन बसली. "कशाचे दोन ढीग, मालक? अलीकडलं तुमचं, पलीकडलं आमचं. तुमची रास ती तिथं हाये."

"हे काय नवीन? रीत काय हाये? हुरड्याचा हिशोब न्हाई, राशीचे दोन वाटे."

"रीत व्हती. तुम्ही आण घेतली."

"आगं ते डायलॉग व्हतं. साहेबापुढं बोललो. नट बोलतो ते खरं असतं का?"

"मंग आधी सांगायचं का न्हाई? मी टाळ्या वाजवल्या नसत्या."

गोष्ट पारावर गेली. तातेराव म्हणाला, "मी व्हतो तिथं, मी ऐकलं. पर मी गावचा माणूस. एका बाजूनं बोललो म्हणशील. तुझ्याच वळखीची माणसं बोलाव, सर्जेराव. ते म्हणतील तसं करू."

सर्जेरावाचा चेहरा उजळला. तीस माणसं पोसली ती अशाच दिवसासाठी. त्यानं निरोप धाडले. आणि नवल म्हणजे सगळी आली, एस.टी.नं, सायकलवर, ठेकेदार तर टेम्पोत बसून आला. हुरडा संपला होता, पण पंचायत आहे म्हणजे जेवण असणार असा त्यांचा अंदाज. दुर्गाबाईनं पुन्हा चूल पेटवली.

रेणुकाईच्या देवळापुढं सगळे बसले. तातेरावानं बद्रीनाथला विचारलं, "त्या दिवशी पाटावर उभं ऱ्हाऊन सर्जेराव काय बोलला?"

बद्रीनाथ उभा राहिला. सर्जेरावानं त्याला डोळा मारला. म्हणजे, गप ऱ्हा. बद्रीनाथनं बघितलं आणि त्याला वाटलं, मित्राचे डोळे भरून आलेत.

"तात्या, मी इतके पिक्चर दाखवले, पर असा दिलदार माणूस पडद्यावर बी पाह्यला न्हाई. हात पसरून म्हणाला, अलीकडलं माझं, पलीकडलं कडूबाचं. रेणुकाईची आण घेतली. आम्ही रडलो."

सर्जेरावानं आता भुवया वर केल्या, मान हलवली, ओठ आवळले. फोटोवाल्याला वाटलं, हा संकोच. तो लगेच उठला. "आपली स्तुती ऐकवत न्हाई त्यांना. मी पर सांगतोच. शब्दाला शब्द तसंच बोलले." ठेकेदार म्हणाला, तसंच. पेटीवाल्यानं तर तो आवाज काढून दाखवला, हातसुद्धा पसरला, आणि आमच्यात कुजबुज झाली की सर्जेरावापेक्षा यानंच बरं केलं. एकेक जण उठत होता, आपल्या मित्राचा मोठेपणा गावाला सांगत होता आणि मित्राची एकेक पायली कडूबाच्या पदरात टाकून खाली बसत होता. तोंडावर काय चाललंय हे त्यातल्या एकालाही वाचता आलं नाही. त्या तोंडाच्या मागं शाईनं लिहिलेलं नव्हतं ना.

तातेराव म्हणाला, "सर्जेराव, आण मोडतोस का? देऊळ समोर हाये. मोडायची असंल तर आत जाऊन सांग."

सर्जेराव देवळाकडं गेला नाही. घराकडं गेला. कडूबानं त्या सांजेला पलीकडची रास गाडीत भरली. गोजरबाई गाडीमागून सांडलेले दाणे वेचत चालली, मिळालेल्या लुगड्याच्या ओच्यात.

आता शेवटची बेरीज. सिनेमा पुढच्या वर्षी भोकरदनला लागला. त्यात गोजरबाईची पाठ आहे, लांबून का होईना. कडूबाची जवारी आहे, भरपूर. सर्जेराव नाही. तंबूच्या दाराशी बद्रीनाथनं त्याला मिठी मारली आणि तिकीट फाडून हातात दिलं; फुकट सोडत नाहीत, मालकाचा हुकूम. कडूबाचं काही गेलं नाही, साल भाकरीत निघालं. साहेब दोन पोती घेऊन गेले, फोटोवाला एक, बाकीच्यांनी पोटात आणि पिशवीत नेलं.

म्हणजे खर्च सर्जेरावाचा झाला, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तसंच म्हणत होतो. पण त्याच्या घरची जवारी आषाढात संपली आणि दुर्गाबाई एस.टी.नं भोकरदन, जालना करत तीर्थपुरीला गेली. माहेरच्या ओसरीवर बसली. पाणी प्यायली. काय मागायचं ते तिच्या तोंडातून निघेना. तिचे वडील धर्मराजबाबा तिच्याकडं बघत राहिले आणि विषय काढायचा म्हणून म्हणाले, "औंदा तुमच्याकडं हुरडा लई झाला म्हणं. कसा व्हता?"

"चांगला व्हता, बाबा," दुर्गाबाई खाली बघून म्हणाली.

म्हातारा उठला, धान्याच्या बळदाचं झाकण काढलं आणि पोती भरायला लागला. सहा पोती पिंपळगावला आली. सगळ्या हंगामात ज्याच्या ओंजळीत एक दाणा पडला नव्हता, त्यानं भरलं.